गालिच्यावरील डाग आणि आजीची वाटी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना थोडें हसूं येईल. गालिच्यावर सांडून वाळलेला डिंक घरगुती उपायांनीं कसा काढावा, ही गोष्ट घरांतल्या माणसांनीं आपसांत बोलावी अशी; तिचा इतिहासाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. मीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें शाळेंत इतिहास शिकविला. लढाया, तह आणि राज्यारोहणें यांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. परंतु वस्तूकडे कसें पाहावें हें ज्या धड्यानें मला शिकविलें, तो धडा मला घरांतल्या एका गालिच्यावर मिळाला, आणि त्याचें शुल्कही पुरेपूर भरावें लागलें. तोच आज आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम गालिच्याविषयीं. 'गालिचा' हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला. 'जाजम' हाही तिकडचाच. गांठी मारून विणलेला, आज उपलब्ध असलेला जगांतला सर्वांत जुना गालिचा अल्ताई पर्वतांतील पाझिरिक येथें एका थडग्यांत इ. स. १९४९ मध्यें रुदेंको या रशियन संशोधकास सांपडला. थडग्यांत शिरलेल्या पाण्याचें बर्फ झालें होतें, आणि त्या बर्फानें दोन हजारांहून अधिक वर्षें तो लोकरीचा गालिचा त्याच्या रंगांसह सांभाळून ठेविला. आपल्या देशांत अकबराच्या कारकीर्दींत आग्रा, फत्तेपूर व लाहोर येथें गालिचे विणले जात, असें अबुल फजल यानें आईन-इ-अकबरींत नमूद केलें आहे. महाराष्ट्रांत एकोणिसाव्या शतकांत येरवड्याच्या तुरुंगांत कैद्यांच्या हातून गालिचे विणून घेण्याची प्रथा सुरू झाली. सुखवस्तु घरांच्या दिवाणखान्यांत ते पसरले जात. आमच्या घरींही असा एक तांबडा-निळा गालिचा होता. आजोबांनीं तो येरवड्याहून आणिलेला, असें घरांत सांगत. दिवाळी आणि पाहुणे, या दोन प्रसंगांखेरीज तो उलगडला जात नसे.

आतां चिकटविणाऱ्या पदार्थांकडे वळूं. मनुष्यानें दोन वस्तु एकमेकींस चिकटविण्याची कला फार प्राचीन काळीं हस्तगत केली. ईजिप्त देशांत थीब्झ येथील रेखमिरे नामक प्रधानाच्या थडग्यांत सुताराच्या कामाचें जें चित्र आहे, त्यांत सरसाचें भांडें दाखविलेलें आहे. तें चित्र सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचें. आपल्याकडे सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत 'वज्रलेप' या नांवाच्या लेपाची कृती देऊन ठेविली आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चीं कवठें, सांवरीचीं फुलें, सालईचें बीं, धामणीची साल आणि वेखंड हीं एक द्रोण पाण्यांत घालून पाणी आठवा हिस्सा उरेपर्यंत उकळावीं, आणि त्या काढ्यांत गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेलफळ इत्यादि द्रव्यें वाटून मिसळावींत, असें तो सांगतो. देवळें, वाडे, मूर्ती, भिंती यांना हा लेप तापवून लावीत. त्याच प्रकरणांत गाय, म्हैस व बोकड यांच्या शिंगांचा, तसाच म्हशीच्या कातड्याचा उपयोग करून केलेला दुसरा लेप वर्णिला आहे. शिंगें-कातडीं उकळून केलेला हा लेप म्हणजे आपल्या सुतारांच्या सरसाचा भाऊबंदच होय.

नित्याच्या घरगुती व्यवहारांत मात्र तीनच पदार्थ मुख्य होते. पहिला डिंक, तो बाभळीचा किंवा धावड्याचा, झाडाच्या सालींतून स्रवणारा. दुसरी खळ, ती गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठाची, पाण्यांत शिजवून केलेली. पेशवाईंतल्या मोडी कागदांचे बंद एकाखालीं एक चिकटवून जे लांबच लांब गुंडाळे होत, ते चिकटविण्याचें काम असल्याच पदार्थांचें. पुस्तकें बांधणारे लोक खळींत कसर लागूं नये म्हणून मोरचूद घालीत. तिसरा सरस, हा शब्दही फारसीच. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. त्याचे तपकिरी तुकडे आधीं थंड पाण्यांत भिजवीत आणि मग मंद आंचेवर पातळ करून गरम असतांनाच लावीत.

या तिघांचा स्वभाव परस्परांहून भिन्न आहे. डिंक थंड पाण्यांतही विरघळतो. खळ म्हणजे शिजलेलें पिष्ट. वाळलें म्हणजे तें पापडासारखें कडक होतें, पाण्यानें मऊ पडतें, पण सहजासहजीं विरघळत नाहीं. सरस हा प्रथिनांचा. थंड पाण्यांत तो फुगतो आणि कोमट पाण्यांत वितळतो. हा भेद मला ज्या दिवशीं कळावयास हवा होता त्या दिवशीं कळला नाहीं, म्हणूनच पुढची हकीकत सांगण्याची वेळ आली आहे.

तें १९७२ चें वर्ष होतें. महाराष्ट्रांत त्या वर्षीं भयंकर दुष्काळ पडला होता. मी तेव्हां बारा वर्षांचा होतों. आमच्या गांवीं नळाला एक दिवसाआड जेमतेम तासभर पाणी येई, आणि घरांतला प्रत्येक तांब्या मोजून वापरला जाई. माझ्या थोरल्या बहिणीला पाहावयास मंडळी येणार म्हणून गालिचा उन्हें देऊन आंतल्या खोलींत पसरून ठेविला होता. मला त्या दिवसांत पुस्तकें बांधण्याचा नाद लागलेला. सुताराकडून मागून आणिलेला सरस मीं रात्रभर भिजविला, सकाळीं चुलीवर पातळ केला, आणि मऊ बैठक मिळावी म्हणून त्याच गालिच्यावर बसून काम आरंभिलें. भांडें कलंडलें. तळहाताहून मोठा डाग पडला. मीं त्यावर वर्तमानपत्र पसरलें, वर पुस्तकें रचलीं आणि कोणाला कांहीं बोललों नाहीं.

दोन दिवसांनीं तो डाग दगडासारखा झाला. घरांत दुपारची निजानीज झालेली पाहून मीं पाण्याच्या हंड्यांतलें तांब्याभर पाणी चोरून उकळलें, त्यांत धुण्याच्या सोड्याची मूठ टाकिली आणि तें कढत पाणी अर्ध्या डागावर ओतून घासणीनें खसखसां घासलें. क्षणांत तांबडा रंग सुटून शेजारच्या पांढऱ्या वेलबुट्टींत पसरला. लोकरीचे केंस एकमेकांत गुंतून त्यांचा नमद्यासारखा गोळा झाला. मीं घासावें तों तों तो अधिकच घट्ट होई. आई दारांत येऊन उभी राहिली. तिनें मला मारलें नाहीं. तिनें आधीं हंड्यांत डोकावून पाणी किती उरलें तें पाहिलें, आणि मग गालिच्याकडे पाहून ती खालीं बसली. ती कांहीं बोलली असती तर मला बरें वाटलें असतें.

त्या वेळीं आजीनें मला जवळ बोलाविलें. ती म्हणाली, "अरे, हें कशाचें आहे?"

"सरस आहे," मी म्हणालों.

"कसा केलास तो?"

"रात्रभर पाण्यांत भिजविला, मग कोमट केला."

"मग ज्याला मऊ व्हायला रात्र लागली, त्याला सुटायलाही रात्र लागणार. चिकटवतांना तूं त्याचें ऐकलेंस, आतां सोडवतांनाही ऐक."

तिनें वाटीभर थंड पाणी घेतलें. वाटीहून एक थेंबही अधिक नाहीं. जुन्या धोतराचा तुकडा त्यांत भिजवून पिळला, उरलेल्या अर्ध्या डागावर ठेविला, आणि ओल उडूं नये म्हणून वर तीच वाटी पालथी घातली. रात्रींतून दोनदां उठून तिनें फडकें पुन्हा ओलें केलें. सकाळीं सरस फुगून खरवसासारखा लिबलिबीत झाला होता. चमच्याच्या पाठीनें तो कडेकडून मध्याकडे उचलला. मग कोमट पाण्याच्या फडक्यानें टिपून, शेवटीं रिठ्याच्या नुसत्या फेसानें तेवढी जागा पुसून काढिली. ती जागा जशी होती तशी निघाली. माझ्या पराक्रमाची जागा मात्र तशीच राहिली. मंडळी आलीं तेव्हां माझी ताई आपण होऊन त्याच जागेवर बसली आणि तीं उठून जाईपर्यंत हलली नाहीं.

आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें. तिला चालत आलेली रीत ठाऊक होती, आणि ती रीत किती जुनी आहे हें मला पुढें वाचनांत आढळलें. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत आणि याज्ञवल्क्यस्मृतींत वस्त्रशुद्धीचा विचार आला आहे. मनुस्मृतीचे समाजविषयक निर्बंध आपण टाकून दिले, हें योग्यच झालें. पण जुन्या काळच्या घरगुती व्यवहाराचा पुरावा म्हणून हा भाग पाहण्याजोगा आहे. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीनें शुद्ध करावी, डोंगरी बकऱ्यांच्या केसांचीं कांबळीं रिठ्यानें, तलम वस्त्रें बेलफळानें आणि जवसाच्या धाग्याचीं वस्त्रें पांढऱ्या मोहरीनें, असें तेथें सांगितलें आहे. त्यांतलें प्रत्येक द्रव्य आज आपण जसेंच्या तसें वापरावें असें मी म्हणत नाहीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, सर्व वस्त्रांना एकच उपाय त्या लोकांनीं सांगितला नाहीं. धागा कोणता, हें आधीं विचारिलें आणि मग द्रव्य ठरविलें.

रिठा आणि लोकर यांची सांगड किती अचूक आहे, हें आज शास्त्रानें स्पष्ट करतां येतें. लोकरीच्या प्रत्येक केंसावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात. कढत पाणी, क्षार आणि घर्षण हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे ते खवले उघडून एकमेकांत अडकतात आणि केंसांचा नमदा होतो. सोड्याचें पाणी तीव्र क्षारधर्मी असतें. तें कापसाला सोसतें, लोकरीला सोसत नाहीं. रिठ्याच्या सालींत सॅपोनिन नांवाचें फेसाळ द्रव्य असतें. तें मळ सोडवितें, पण त्याच्या पाण्यांत तसा तीव्र क्षार नसतो. बारा वर्षांच्या मुलानें त्या दुपारीं कढत पाणी, सोडा आणि घासणी, तिन्ही शत्रू एकाच वेळीं पाचारण केले होते!

रंगाचीही एक कथा आहे. पूर्वीं तांबडा रंग मंजिष्ठेच्या मुळांपासून काढीत, आणि तुरटीच्या साहाय्यानें तो लोकरीवर पक्का बसवीत. १८५६ सालीं इंग्लंडांत पर्किन नांवाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला, आणि थोड्याच वर्षांत तसले स्वस्त व भडक रंग आपल्या देशांतील गालिच्यांतही शिरले. मुंबईंत पुष्कळ वर्षें राहिलेले जॉर्ज बर्डवुड यांनीं हिंदी कलाकौशल्यावरील आपल्या १८८० च्या ग्रंथांत या नव्या रंगांवर आणि तुरुंगांतील गालिच्यांवर कडक टीका केली. त्या आरंभींच्या रंगांपैकीं कित्येक पाणी लागतांच सुटत. आमच्या गालिच्याचा तांबडा रंग त्याच कुळांतला असावा. म्हणून डागाला हात लावण्यापूर्वीं गालिच्याचा न दिसणारा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यानें दाबून पाहावा. फडक्यावर रंग उतरला तर तेथेंच थांबावें व जाणत्याकडे जावें. एवढें मिनिटभराचें काम मीं केलें असतें, तर आज हें भाषण करण्याचें कारण उरलें नसतें.

एकोणिसाव्या शतकानें या जुन्या रीतींना शास्त्राचा आधार दिला. १८३३ सालीं पायेन व पर्सोझ या दोन फ्रेंच रसायनज्ञांनीं मोड आलेल्या जवांतून पिष्टाचें साखरेंत रूपांतर करणारें द्रव्य वेगळें केलें. भाकरीचा घांस बराच वेळ चावला म्हणजे गोड लागूं लागतो. तें आपल्या लाळेंतल्या तसल्याच द्रव्याचें काम. यावरून वाळलेल्या खळीचा उपाय हातीं लागतो. जव किंवा नाचणी मोड आणून, वाळवून, दळावी. तें पीठ कोमट पाण्यांत अर्धा तास ठेवून गाळून घ्यावें, आणि त्या पाण्याचें फडकें डागावर ठेवावें. खळ हळूहळू सैल होते. कोणी म्हणेल कीं, मग सरसाला पपईचा चीक कां लावूं नये, तो प्रथिनें विरघळवितो. शंका रास्त आहे. परंतु लोकर हीही प्रथिनांचीच बनलेली असते, म्हणून तो प्रयोग लोकरीच्या गालिच्यावर न केलेला बरा.

विसाव्या शतकांत चिकटविणारा पदार्थच बदलला. १९१२ सालीं जर्मनींत फ्रिट्झ क्लाट्टे या रसायनज्ञानें पॉलिव्हिनिल ॲसिटेट नांवाचें द्रव्य शोधिलें. आज घरोघरीं आढळणारा पांढरा डिंक बहुधा त्याचाच असतो. आपल्या देशांत १९५९ सालीं फेव्हिकॉल बाजारांत आलें, आणि सुतारांची सरस शिजविण्याची दगदग हळूहळू संपली. हा पांढरा डिंक झाडाचा नव्हे, पिठाचा नव्हे, कातड्याचाही नव्हे. मग आजीच्या वाटीचें येथें काय चालणार?

हा प्रश्न माझ्याच घरीं उपस्थित झाला. माझी नात शाळेसाठीं कागदाचा किल्ला करीत बसली होती, आणि तिच्या हातून त्याच जुन्या गालिच्यावर पांढरा डिंक सांडला. रात्रभर तो तसाच वाळला. सकाळीं ती स्वतः माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, माझ्याकडून सांडलें. तुमच्याहून मोठा डाग पडला कां, बघा ना." ती लपवून न ठेवतां सांगावयास आली, याचें श्रेय मी त्या जुन्या डागाला देतों, त्याची हकीकत घरांत सर्वांना पाठ आहे.

आम्ही दोघें गालिच्यापाशीं बसलों. आधीं कोपरा तपासला. मग चमच्याच्या कडेनें वरची कडक खपली अलगद मोडून काढिली. पांढरा डिंक वाळल्यावर पाण्यांत विरघळत नाहीं, पण कोमट पाणी व शिरका, ज्यास आज व्हिनेगर म्हणतात, यांनीं तो मऊ पडतो. आणि लोकर सौम्य आम्ल सहन करते, क्षार सहन करीत नाहीं. दोन्ही समभाग घेऊन फडकें भिजविलें, घट्ट पिळलें, डागावर ठेविलें आणि वर वाटी पालथी घातली. पाव तासानें पारदर्शक डाग पुन्हा दुधासारखा पांढरा झाला, आणि रबरासारख्या गोळ्या सुटूं लागल्या. चार वेळां हेंच केलें. शेवटीं रिठ्याचा फेस, साध्या पाण्याचें फडकें, आणि खालून वारा लागेल अशा रीतीनें सावलींत वाळवण. नातीचा डाग गेला.

श्रोत्यांच्या सोयीसाठीं राहिलेल्या दोन-चार गोष्टी थोडक्यांत सांगतों. झाडाच्या डिंकाला थंड पाण्याचें ओलें फडकें पुरतें. मोहरेची लाख सांडली असेल तर तिला पाणी लागूं देण्यांत अर्थ नाहीं. ती ठिसूळ असते, म्हणून बर्फानें अधिक कडक करून मोडून काढावी. चिकटपट्टीचा चिकटा खोबरेल तेलाच्या एका थेंबानें सैल होतो. मग तें तेल रिठ्याच्या फेसानें काढावें. क्षणांत चिकटणारा जो नवा झटपट डिंक मिळतो, त्यावर मात्र घरगुती उपाय चालत नाहींत. तो जाणत्यावरच सोंपवावा. फडकें नेहमीं ओलें असावें, निथळतें नसावें; पाणी गालिच्याच्या पाठींत मुरलें म्हणजे कुबट वास आणि पिवळे डाग येतात. टिपावें, घासूं नये. आणि शिरका व ब्लीचिंग पावडर हीं कधींही एकत्र करूं नयेत. त्यांतून विषारी वायु सुटतो.

तात्पर्य, उपाय दर पिढीला बदलतात. आजीला शिरक्याची गरज पडली नाहीं, मला पडली. माझ्या नातीला आणखी कांहीं निराळेंच लागेल. पण आजीनें विचारलेला प्रश्न जुना होत नाहीं: हें कशाचें आहे? डिंक कशाचा, धागा कशाचा, रंग कशाचा, एवढें विचारून मग हात लावणारा माणूस वाटीभर पाण्यांत काम करतो. न विचारणाऱ्याला दुष्काळांतला हंडाही पुरत नाहीं.

तो गालिचा अद्याप आमच्या घरीं आहे. आई गेली, आजी तर फार पूर्वींच गेली. ताई आतां पंचाहत्तरीच्या घरांत आहे. ती माहेरीं आली म्हणजे सवयीनें अजूनही त्याच नमदा झालेल्या जागेवर बसते, आणि माझ्याकडे पाहून हंसते. तो डाग काढण्याचा उपाय मला सांपडलेला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आतां मी तो शोधीतही नाहीं.